मिनेसोटातील ९१ मते

महोदय,

अमेरिकेतील एखाद्या निवडणुकीचा निकाल लांबला की 'एवढ्या प्रगत देशात साधी मतमोजणी वेळेत होत नाही' असा सूर आपल्याकडे हमखास उमटतो. आपल्या दैनिकातील वाचकांच्या पत्रव्यवहारातही तो अधूनमधून दिसतो. राष्ट्राध्यक्षपदाची चर्चा आपल्याकडे भरपूर होते, पण तेथील राज्यांच्या निवडणुकांकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. अशाच एका राज्याच्या निवडणुकीमुळे लांबलेल्या निकालाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली, म्हणून हे पत्र.

६ नोव्हेंबर १९६२ रोजी मिनेसोटा राज्यात मतदान झाले. गव्हर्नरपदाची मुदत दोन वर्षांवरून चार वर्षे झाल्यानंतरची ती पहिलीच निवडणूक होती. रिपब्लिकन पक्षाचे एल्मर अँडरसन विद्यमान गव्हर्नर होते आणि त्यांच्यासमोर उभे होते डेमोक्रॅटिक-फार्मर-लेबर पक्षाचे (डेमोक्रॅटिक पक्षाची त्या राज्यातील शाखा) कार्ल रोलवाग. हे रोलवाग त्याच राज्याचे उपगव्हर्नर होते. गव्हर्नर एका पक्षाचा आणि उपगव्हर्नर दुसऱ्या पक्षाचा हे आपल्याला विचित्र वाटेल, परंतु तेथे त्या वेळी गव्हर्नर, उपगव्हर्नर, अॅटर्नी जनरल, सेक्रेटरी ऑफ स्टेट, खजिनदार आणि लेखापरीक्षक या पदांवरील माणसे मतदार स्वतंत्रपणे निवडून देत असत. त्याच वर्षी अॅटर्नी जनरल म्हणून निवडून आलेले वॉल्टर माँडेल (पुढे देशाचे उपाध्यक्ष झाले ते हेच) आणि सेक्रेटरी ऑफ स्टेट जोसेफ डोनोव्हन हे रोलवाग यांच्या पक्षाचे होते, तर खजिनदार व्हॅल ब्योर्नसन आणि लेखापरीक्षक स्टॅफोर्ड किंग हे रिपब्लिकन होते. अनेक मतदारांनी एकाच दिवशी एका पदासाठी एक पक्ष आणि दुसऱ्या पदासाठी दुसरा पक्ष निवडल्याखेरीज असा निकाल लागत नाही.

प्रचाराच्या शेवटच्या दिवसांत वातावरण कडवट झाले होते. पस्तीस क्रमांकाच्या महामार्गाच्या एका टप्प्याचे काम गव्हर्नरांना उद्घाटन करता यावे म्हणून घाईघाईने आणि निकृष्ट दर्जाचे करण्यात आले, असा आरोप रोलवाग यांच्या पक्षाने केला. निवडणूक संपल्यावर त्यात फारसे तथ्य आढळले नाही. एवढ्या थोड्या मतांनी लागलेल्या निकालात या आरोपाचा वाटा किती, हा प्रश्न अँडरसन यांच्या समर्थकांना पुढे सलत राहिला असेल तर नवल नाही.

प्राथमिक मोजणीनंतर कौल कोणाला हेच स्पष्ट होईना. काही कौंटींनी (म्हणजे तेथील जिल्ह्यांनी) नंतर दुरुस्त करून पाठवलेले आकडे स्वीकारावेत की नाही, हा वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ते आकडे धरल्यावर अँडरसन १४२ मतांनी पुढे आहेत असे ठरले. तेव्हा रोलवाग यांनी न्यायालयात फेरमोजणीची मागणी केली.

मी शिक्षक असल्यामुळे मतपत्रिकांच्या काळात मतमोजणीच्या टेबलावर अनेकदा बसलो आहे. पन्नास-पन्नासचे गठ्ठे बांधताना हाताशी एक निराळा ढीग साठत जाई. कोठे शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर पडलेला असे, तर कोठे शाई ओली असतानाच मतपत्रिका दुमडल्यामुळे त्याचा पुसट ठसा दुसऱ्या चिन्हावर उमटलेला असे. ठशाच्या बाणांचे वळण उलटे दिसते, त्यावरून खरा शिक्का कोणता हे ओळखता येई. पण ते दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींना दाखवून, त्यांची खात्री पटवून मगच मतपत्रिका योग्य गठ्ठ्यात जाई. एका मतपत्रिकेला कधी पाच-पाच मिनिटे लागत. म्हणूनच, मिनेसोटात त्या हिवाळ्यात दोन्ही उमेदवारांचा एकेक प्रतिनिधी आणि एक तटस्थ व्यक्ती अशा तिघातिघांच्या पथकांनी राज्यभरच्या मतपत्रिका एकेक करून पाहिल्या, चौकटीबाहेर गेलेल्या फुल्यांवर वाद घातले आणि मिटत नव्हते ते वाद तीन न्यायाधीशांच्या मंडळापुढे नेले, हे वाचताना मला त्यातला उशीर दिसला नाही, तिघांनी मिळून एका कागदावर घालवलेला वेळ दिसला.

मार्च १९६३ मध्ये मंडळाने निर्णय दिला. रोलवाग यांना ६,१९,८४२ आणि अँडरसन यांना ६,१९,७५१ मते. फरक ९१ मतांचा! मिनेसोटात ८७ कौंटी आहेत. म्हणजे सरासरी दर कौंटीमागे जेमतेम एका मताने राज्याचा गव्हर्नर ठरला.

तोवर राज्याचा कारभार खोळंबला नव्हता. अँडरसन गव्हर्नर म्हणून काम पाहत राहिले. अडचण झाली ती रोलवाग यांची. नवे उपगव्हर्नर सँडी कीथ यांनी जानेवारीत सूत्रे घेतल्यामुळे त्यांचे जुने पद गेले होते आणि नवे मिळाले नव्हते. पुढे, १९७४ पासून, मिनेसोटात गव्हर्नर आणि उपगव्हर्नर एकाच जोडीने निवडले जाऊ लागले.

आपल्याकडे निकालाला आव्हान द्यायचे तर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करावी लागते आणि निकाल लागेपर्यंत विजयी घोषित झालेला उमेदवार पदावर राहतो. तेव्हा तेथील पद्धत आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. त्याच मिनेसोटात २००८ च्या सिनेट निवडणुकीचा निकाल ३१२ मतांनी लागला आणि विजयी उमेदवार अल फ्रँकन यांचा शपथविधी थेट जुलै २००९ मध्ये झाला.

अँडरसन यांना १९६३ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयात अपील करण्याचा मार्ग मोकळा होता. त्यांनी ते केले नाही. मतदानानंतर १३९ दिवसांनी, २५ मार्च रोजी, रोलवाग यांनी शपथ घेतली. यापुढे अमेरिकेतील एखाद्या राज्याचा निकाल लांबला, तर ती मतमोजणी कोण करत आहे, वादग्रस्त मते कोणासमोर तपासली जात आहेत आणि गव्हर्नरखेरीज आणखी कोणती पदे त्या दिवशी मतदानाला होती, एवढे तरी आपल्या बातमीत छापावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, सातारा