ड्रॉवरमधले दोन फॉर्म

इंदूर,
१२ डिसेंबर २०२५

तीर्थस्वरूप बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, असं आई म्हणेल. बाबांना कारण माहीत आहे. गेल्या तीन आठवड्यांत मी चार वेळा इथल्या मतदार यादीतल्या तुमच्या नावांचा विषय काढला आणि चारही वेळा "आईशी बोल" म्हणत बाबांनी फोन तिच्या हातात दिला. पत्राचं तसं करता येणार नाही. आईचा चष्मा सापडेपर्यंत तुम्हालाच ते मोठ्याने वाचून दाखवावं लागेल.

आधी घरचं उरकते. वरची टाकी धुऊन घेतली. मागच्या पेरूला यंदा चांगले पेरू लागले, निम्मे पोपटांनी नेले. बोळात ड्रेनेजसाठी पुन्हा खोदलंय, तेव्हा देशातलं सर्वात स्वच्छ शहर म्हणून पुण्यात जी ऐट मारता, ती जरा जपून मारा. थंडी बऱ्यापैकी आहे.

आता मुद्दा. ४ नोव्हेंबरपासून इथे मतदार यादीचं एसआयआर, म्हणजे घरोघर जाऊन सखोल फेरतपासणी, चालू आहे, ते पेपरात वाचलं असेलच. घरोघर फॉर्म आले. नाव, फोटो आधीच छापलेला, प्रत्येकी दोन प्रती. एक भरून बीएलओला, म्हणजे आपल्या बूथच्या निवडणूक कर्मचारी बाईला, द्यायची, दुसरीवर तिची सही घेऊन आपल्याकडे ठेवायची. मुदत आधी ४ डिसेंबर होती, मग ११ झाली, काल १८ केली. कच्ची यादी २३ ला लागेल. आपल्या भागाची बीएलओ अंगणवाडीतली आहे. हजाराच्या वर नावं, एक स्कूटी आणि घरी लहान मूल. पहिल्याच आठवड्यात तिला एका जिन्यावर नुसतीच बसलेली पाहिली, पाण्याची बाटली हातात आणि झाकण उघडायचंही भान नाही. त्याच संध्याकाळी आम्ही सात-आठ जणांनी गणपतीच्या देवळाच्या ओट्यावर टेबल टाकलं. वर्गणीच्या पावत्या फाडायचो ना, तेच, एक पाय आखूड असलेलं. ऑफिसातून आले की सहा ते आठ तिथेच असते.

कोणाचा फॉर्म घरी न्यायचा नाही आणि कोणाला पक्ष विचारायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवलं. पक्षाचा माणूस टेबलाशी आला तर त्याला चहा द्यायचा, पेन द्यायचं नाही. हा नियम माझा. सगळ्यांना आवडला, पक्षाच्या माणसांनाही. ते चहाला नेमाने येतात.

काम ऐकायला किरकोळ आहे. पण बाबा, सगळ्यात जास्त वेळ कोणी खाल्ला सांगू? 'ळ'ने. यादी हिंदीत, हिंदीत ळ नाही. काळे झाले काले, पिंगळे झाले पिंगले, आणि कोपऱ्यावरच्या आजोबांचं बाळकृष्ण २००३ च्या यादीत बालकृष्ण होतं, ते आताच्या यादीत बालकिशन होऊन बसलंय. दोन्ही माणसं एकच, हे कोणी तरी शांतपणे दाखवून द्यावं लागतं. आजोबा म्हणतात, आणखी एक यादी झाली तर मी बल्लू होईन.

आणि बायकांची तऱ्हा तर विचारूच नका. २००३ च्या यादीतली नोंद फॉर्मवर लिहायची असते. स्वतःची नसेल तर आई-वडिलांची. आपल्याकडे तर लग्नात नुसतं आडनाव बदलून भागत नाही, ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवीन नाव लिहितात. भुसावळहून, खामगावहून आलेल्या सुना, त्यांची जुनी नोंद तिकडच्या यादीत, तिकडच्या नावाने. एकीला मी विचारलं, माहेरचं नाव काय तुमचं? ती थांबली, मग हसून म्हणाली, "वीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं गं." त्या नावाचा तिच्याकडे एकच कागद निघाला, दहावीची मार्कशीट. भावाला फोन लावून त्याच्याकडून वडिलांच्या नावाचा यादीतला भाग क्रमांक काढवला. अर्धा तास गेला, पण मला त्या दिवशी झोप छान लागली.

आई, तुला आजी सांगायची ते आठवतं का? पहिल्या निवडणुकीच्या वेळी दारात नाव विचारायला माणूस आला तेव्हा शेजारच्या बायका "अमक्याची आई", "तमक्याची बायको" एवढंच सांगायच्या. आजी ते नक्कल करून सांगायची म्हणून आपण हसायचो. हसण्यासारखं नव्हतं. १९५१-५२ ला अशा जवळपास २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली, कारण सुकुमार सेन, तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त, अडून बसले की नाव हवं, नातं नको. त्यात आपलं तेव्हाचं मध्यभारत राज्यही होतं. त्यांचं बरोबर होतं असं मला वाटतं, आणि त्या बायकांचं नुकसान झालं असंही वाटतं. आजीने मात्र स्वतःचं नाव ठणकावून सांगितलं होतं म्हणे. सासऱ्यांसमोर.

त्यावरून आठवलं, २००३ चं आपलं पान मला सापडलं. ती यादी म्हणजे स्कॅन केलेली पानं, मी डोळ्यांनीच चाळली. शिवाय २००८ ला मतदारसंघांची फेररचना झाली, त्यामुळे जुना भाग क्रमांक कोणालाच ठाऊक नाही. तिसऱ्या रात्री साडेअकराला एका घरापुढे पाच नावं दिसली. आजी, बाबा, आई, दादा, मी. आजीचं वय ७८ लिहिलंय. तिने त्यातही दोन वर्षं कमी सांगितली असणार. पानाचा फोटो काढून ठेवलाय, पाठवते.

सगळंच काही असं गोड नाही. बाबा, तुमच्या सकाळच्या फिरण्यातले एक गृहस्थ टेबलाशी आले आणि मागच्या गल्लीतल्या किरायेदारांची नावं काढायला फॉर्म ७ भरून दे म्हणाले. "ते काही इथले नाहीत." ती माणसं चार वर्षं राहतायत, मुलं इथल्या शाळेत जातात. मी म्हटलं, काका, आक्षेप तुमचा, सहीही तुमची लागेल, आणि हे माहीत असून खोटं लिहिलं तर १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्यांनी फॉर्मची घडी घालून खिशात ठेवली. तेव्हापासून ते मला ओळखत नाहीत.

ते परवडलं. परवडलं नाही ते वेगळंच. वरच्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा सहा वर्षं बेंगळुरूला आहे, घर घेतलंय, नाव तिथेही आहे आणि इथेही. मी त्यांना नीट समजावलं की दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही, इथलं काढू द्या. काकूंनी ऐकून घेतलं, पिशवीतून फॉर्म काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "आणि तुझ्या बाबांचं काय गं?"

टेबलाशी पाच-सहा जण उभे होते. मी म्हटलं, ते येणार आहेत परत. काकू काही बोलल्या नाहीत. फॉर्म ठेवून गेल्या.

तुमचे दोघांचे फॉर्म माझ्याकडे आहेत, बाबांच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, पंचांगाखाली. घरातल्या सज्ञान माणसाने सही केली तरी चालते. म्हणजे दोन मिनिटांचं काम आहे. बीएलओ स्वतःच म्हणाली, "दीदी, अंकल-आंटी का भी भर दो, आते-जाते तो रहते होंगे." बाबा, तुम्ही गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर पुण्याला दादाकडे गेलात, आईचे गुडघे होईपर्यंत, दोन महिन्यांसाठी. आता तेरा महिने झाले. आला-गेलात एकदाही नाही.

तुम्ही म्हणालात, नाव काढलंस तर हद्दपार केल्यासारखं होईल. ते वाक्य मी रोज घेऊन फिरते. मला तुमचा मतदानाचा दिवस माहीत आहे. आदल्या रात्री इस्त्री केलेला शर्ट, सातच्या ठोक्याला रांगेत. नोव्हेंबर २०२३ ला लवकर मत देणाऱ्यांना ५६ दुकानच्या खाऊगल्लीत पोहे-जिलेबी फुकट होती, तर तुम्ही शाई दाखवून खाल्ली आणि वर पैसेही देऊन आलात, "मत फुकट नाही" म्हणून. आणि १३ मे २०२४, ते ऊन, आईला त्या स्काउटच्या मुलाने दिलेली खुर्ची. त्या वेळी इंदुरात 'नोटा'ला, म्हणजे 'यांपैकी कोणीही नको'ला, २,१८,६७४ मतं पडली, देशात कधी पडली नव्हती इतकी. त्यातलं एक तुमचं असावं असा आईला संशय आहे. मी विचारणार नाही.

पण बाबा, टेंडर्ड व्होट हा शब्द मला नऊ वर्षांची असताना कळला तो तुमच्यामुळे. १९८९ ची निवडणूक, देपालपूरकडचं गाव, तुम्ही पीठासीन अधिकारी, मतदान केंद्राचे प्रमुख. एक म्हातारी बाई वर्षभर लेकीकडे राहून मतदानाला म्हणून बसने परत आली, तर तिच्या नावापुढे आधीच खूण. ती आता येत नाही असं धरून कोणी तरी तिचं मत देऊन टाकलेलं. तुम्ही तिला वेगळी मतपत्रिका दिली, वेगळ्या लिफाफ्यात घातली. तिने विचारलं, "मास्तर, ये गिना जाएगा?" आणि तुम्ही तिला हो म्हणालात. तो लिफाफा मोजणीत धरत नाहीत, हे तुम्हाला माहीत होतं. घरी येऊन आईला सांगताना तुमचा आवाज कसा झाला होता ते मला अजून आठवतं. तोतयावर आक्षेप घ्यायला उमेदवाराच्या एजंटाला दोन रुपये भरावे लागतात, दोन रुपये, आणि तिथे बसलेल्या एकानेही ते काढले नाहीत, हे तुम्ही किती तरी वर्षं सांगत होतात.

त्या बाईचं बरोबर होतं, हेही तुम्हीच सांगायचात. ती लेकीकडे गेली होती, गाव सोडून गेली नव्हती.

कायदाही तेच म्हणतो, मी त्याच १९५० च्या कायद्याचं कलम २० वाचून काढलं. नुसतं घर नावावर आहे म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. आणि काही काळ बाहेर गेला म्हणून रहिवासी नाही असंही ठरत नाही. पुढचं सगळं एकाच गोष्टीवर येतं, आणि ती गोष्ट ना बीएलओला माहीत आहे, ना मला. तुम्ही परत येणार आहात का?

हे मी तेरा महिने विचारलं नाही. दादा विचारत नाही, कारण त्याला उत्तर 'नाही' हवंय. मी विचारत नाही, कारण मला 'हो' हवंय, आणि आईच्या गुडघ्यांना आपल्या घराच्या अकरा पायऱ्या झेपणार नाहीत हे मला दिसतंय. तुमचे कार्डिऑलॉजिस्ट तिथे, नातू तिथे, सकाळच्या फिरण्याला नवीन मंडळी जमली असं आई सांगते. (इथल्या मंडळींपैकी एक कमी झाला, ते वर लिहिलंच आहे.)

येणार असाल, खरंच, उन्हाळ्याच्या आधी, तर मी दोन्ही फॉर्मवर सही करते आणि काकूंना ताठ मानेने सांगते. नाहीतर फॉर्म देणार नाही. बीएलओला 'शिफ्टेड' लिहायला सांगेन आणि तुम्ही तिथे पत्ता बदलायचा फॉर्म ८ भरायचा, दादाला लिंक पाठवली आहे, पत्त्याचा पुरावा म्हणून त्याच्याकडे बदललेलं आधार आहे. पुण्याची यादी मराठीत आहे, तुमच्या आडनावातला ळ तुम्हाला परत मिळेल. तेवढा फायदा सांगून ठेवते.

आई, तू म्हणशील एवढंसं नाव, राहिलं तर कोणाचं काय बिघडतं. रोज संध्याकाळी दोन तास हेच वाक्य मी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकते गं. आणि तुझा फॉर्म वेगळा आहे, तुझं उत्तर बाबांपेक्षा वेगळं असू शकतं. तुला कोणी विचारलं नसेल म्हणून मी विचारते.

स्पीड पोस्टने टाकतेय, सोमवार-मंगळवारपर्यंत मिळावं. सोबतच्या डब्यात लवंगेची शेव आहे, अर्धी बाबांपासून लपवून ठेव. मंगळवारी रात्री नऊला फोन करेन. बाबा, तुम्ही उचला, आणि आईला स्पीकरवर घ्या.

तुमची
लेक