ताईनं सही करण्याआधी

ब्रिस्टल,
रविवार

तीर्थस्वरूप आप्पा यांस साष्टांग नमस्कार.

कागदावर लिहितेय म्हणून दचकू नका, इकडे सगळं ठीक आहे. व्हॉट्सअॅपवर लिहिलं असतं तर दादानं एक अंगठा पाठवून विषय मिटवला असता, आणि फोनवर तुम्ही "बरं बरं, आईशी बोल" म्हणून मोकळे होता.

आधी माझी चूक सांगते. गेल्या महिन्यात ताईच्या घटस्फोटाचं निघालं तेव्हा रागाच्या भरात मी तिला दाजींच्या मालमत्तेवरून म्हणाले, "अर्धं तुझं आहे, सोडू नकोस." तिनं बैठकीत ते तसंच्या तसं सांगितलं आणि दिंडोरीची तिच्या सासरची मंडळी हसली. हसणारच. मी इथला कायदा तिथे लावला होता.

तोही अर्धवटच. इथे घटस्फोटात दोघांची मिळकत एकत्र मांडतात, कागदावर नाव कुणाचं एवढ्यावर भागत नाही. आमच्या शेजारच्या सॉमरसेटमधल्या व्हाइट नावाच्या शेतकरी जोडप्याचा खटला इथे गाजला होता. दूधधंदा, तेहेतीस वर्षांचा संसार. 2000 साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वोच्च न्यायालयानं, निकाल दिला की पैसा आणणारा आणि घर सांभाळणारी यांच्यात डावं-उजवं करायचं नाही, आणि वाटणी ठरवताना ती समसमान होते का हे ताडून बघायचं. तरी त्या बाईंच्या पदरात साधारण 46 लाख पौंडांपैकी 15 लाखच पडले, कारण धंद्याला सुरुवातीचा हात सासऱ्यांनी दिला होता. म्हणजे सासऱ्यांची जमीन इथेही आडवी येतेच.

आपल्याकडे गोवा सोडला तर लग्नामुळे बायको नवऱ्याच्या मालमत्तेची आपोआप निम्मी मालकीण होत नाही. गोव्यात पोर्तुगिजांच्या वेळचा कायदा आहे, तिथे होते. नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत बायकोला वाटा द्यायचं विधेयक 2013 मध्ये राज्यसभेत मंजूर झालं होतं, पुढे ते बारगळलं. तेव्हा ताईनं अर्ध्याचा शब्दही काढू नये. पण म्हणून त्यांचा 'आठ लाख घ्या आणि पुढे कुठलाही हक्क नाही असं लिहून द्या' हा कागद गिळायचा असंही नाही.

दाजी म्हणतात, जमीन दादासाहेबांच्या, म्हणजे ताईच्या सासऱ्यांच्या, नावावर, माझं काय आहे? रो-हाऊस आहे की त्यांच्या नावावर. पोटगी ठरवताना कोर्ट त्यांची कमाई, मालमत्ता आणि ताईची गरज सगळं बघतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 खाली कायमची पोटगी एकरकमी किंवा दरमहा मिळते, आणि जरूर पडली तर ती देणाऱ्याच्या स्थावर मिळकतीवर बोजा म्हणून ठेवता येते. सोसायटीच्या कर्जाचा सातबाऱ्यावर चढतो ना, तसाच. हे मी वाचलं तेव्हा मला तुम्हीच आठवलात, कारण बोजा म्हटल्यावर तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार नाही. दावा चालू असताना लागणारी पोटगी आणि खटल्याचा खर्च कलम 24 मध्ये मागता येतो.

ते म्हणतील, उत्पन्नच नाही, रिटर्न बघा. शेतीच्या उत्पन्नाला कर नाही, मग रिटर्नमध्ये दिसणार काय? 2020 च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगून ठेवलंय की पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही मालमत्ता आणि देणी शपथेवर उघड करायची, आणि पोटगी अर्ज केल्या तारखेपासून धरायची. त्यासाठी व्यापाऱ्यांच्या पट्ट्या, पॅकहाऊसची बिलं, बँकेचा उतारा जमेल तेवढा गोळा करा. आणि फवारणीच्या वह्या! निर्यातीच्या मालासाठी ठेवलेल्या त्या वह्या एकोणीस वर्षं ताईनं स्वतःच्या हातानं लिहिल्यात. किती एकर, कुठला प्लॉट, कोणत्या तारखेला कोणतं औषध. बाग किती आणि ती कुणी सांभाळली, दोन्ही त्यात आहे. निदान मोबाईलवर फोटो तरी काढून ठेवू दे.

दागिने सासूबाईंच्या लॉकरमध्ये आहेत म्हणून ते त्यांचे होत नाहीत. स्त्रीधन बायकोचंच, सासरची माणसं ते फक्त सांभाळणारी. सर्वोच्च न्यायालयानं 1985 मध्येच हे सांगितलंय. घटस्फोटाच्या सौद्यात ते धरायचंच नाही, वेगळं परत मागायचं. आईकडून यादी लिहून घ्या. पाटल्या, मोहनमाळ, तोडे, तिला वजनासकट पाठ आहे.

ताईच्या लेकीचं, तनूचंही विसरू नका. ताईचं नातं तुटेल, तनूचं तुटत नाही. आजोबांची जमीन वडिलोपार्जित असेल तर तीही जन्मापासून हिस्सेदार आहे, आणि तिच्या खर्चाचा हक्क आईच्या पोटगीहून वेगळा.

घाई मात्र करू नका. परस्परसंमतीच्या अर्जात मधे सहा महिने जातात आणि हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते. नाशिकला सीबीएस बसस्टँडजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या ओळखीतला वकील नको, तो दोन्हीकडे चहा पितो.

आता एक जरा अवघड गोष्ट. हे सगळं वाचताना मी कपाटातली आपल्या मखमलाबादच्या जमिनीची झेरॉक्स काढली, मागे व्हिसासाठी आणली होती ती. त्यावर तुमचं नाव, काकांचं नाव. आईचं कुठेच नाही. आप्पा, 1986 मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला तुम्हीच तिला घेऊन गेला होतात. मी कडेवर होते म्हणे. तुमचा लाल बिल्ला अजून देव्हाऱ्याच्या खणात आहे. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, किती गावांतल्या माणसांनी बायकोच्या नावावर जमीन केली, ते तुम्हीच आम्हाला कौतुकानं सांगायचात. आपल्या घरात ते का झालं नाही, हे मी कधी विचारलं नाही. आजही भांडायला विचारत नाही. तुम्ही वाईट नवरा नाही, म्हणूनच राहून गेलं असेल.

काकांशी वाटणी झाली की तुमच्या हिश्श्यातला मळ्याचा तुकडा तरी आईच्या नावे करा. नवऱ्यानं बायकोला शेतजमीन किंवा राहतं घर बक्षीसपत्रानं दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे. नोंदणी वगैरेचा खर्च येईल तो वेगळा.

ते 200 मी पाठवते.

आईला नमस्कार, तनूला पापा.

तुमची,
धाकटी