पोस्टिंगला जाणाऱ्या मुलीस

चि. सोनू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बालरोग विभागाच्या पोस्टिंगमध्ये तुम्हा विद्यार्थ्यांना विशेष आरोग्य-गरजा असलेल्या मुलांच्या घरी पाठवणार आहेत, हे वाचून फार समाधान वाटले. बालरोगतज्ज्ञ म्हणून मला जे येते, त्यातले पुष्कळसे अशा मुलांच्या आईवडिलांनीच शिकवलेले आहे.

गेल्यावर हिस्टरीचा, म्हणजे आजाराच्या पूर्वमाहितीचा, फॉर्म लगेच बाहेर काढू नकोस. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे हालचालींवर ताबा नसणे) असलेल्या मुलाला पोटावर बसवलेल्या नळीतून फीड देणारी आई नीट पाहा. ती आधी त्याला टेकवून बसवते, सिरिंजचा दट्ट्या काढून फीड आपोआप उतरू देते, सिरिंज किती उंच धरायची हे त्याच्या चेहऱ्याकडे पाहून ठरवते, शेवटी पाणी सोडून नळी धुते आणि पुढचा निदान अर्धा तास त्याला आडवे होऊ देत नाही. आपण डिस्चार्ज कार्डावर ‘दर तीन तासांनी नळीने फीड’ एवढेच लिहितो. त्या ओळीत आईची झोप, वडिलांची नोकरी आणि धाकट्या भावंडाची शाळा कशी बसवायची, हे लिहिणाऱ्याला उमगलेले असतेच असे नाही.

न बोलणाऱ्या मुलाच्या दुखण्याबाबत तर आईचा शब्द प्रमाण मान. चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत पटणे यांवरून दुखण्याला ० ते १० गुण देणारी ‘फ्लॅक’ मोजपट्टी १९९७ मध्ये आली. परंतु बौद्धिक अपंगत्व असलेले मूल दुखताना रडेलच असे नाही; एखादे एकदम गप्प होते, एखादे चक्क हसते. म्हणून २००६ च्या सुधारित मोजपट्टीत, आपले मूल दुखताना काय करते याची पालकांनी सांगितलेली खूण नोंदवून घेण्याची सोय झाली. वैद्यकाने पालकांकडून शिकल्याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

पाच मिनिटांहून लांबलेली आकडी तातडीची, हे तू पाठ केले आहेस. अशा घरात आजीसुद्धा नातवाला कुशीवर वळवून घड्याळ पाहते. मागच्या वेळी दवाखान्यात पोचल्यावर तिचे कोणी ऐकून घेतले का, हे तिला अवश्य विचार. उत्तर कडू असले तर आपल्या पेशाची बाजू मांडत बसू नकोस. ते तिच्याच शब्दांत लिहून घे, आणि मुलाच्या उपचाराला उपयोगी पडेल असे त्यात काही असेल, तर घरच्यांना विचारून वॉर्डातल्या डॉक्टरांना दाखव.

तुझी,
आई