आबा, खडकावर पाय ठेवला नाही!

आदरणीय आबा,

सा. न. तुमच्यासमोर आभार मानायला बसलं की तुम्ही "पुरे झाला, च्या घे" म्हणून विषयच संपवता. म्हणून इथे सगळ्यांदेखत लिहितेय. नातू वाचून दाखवेल, तेव्हा निदान मध्येच उठून जाऊ नका.

लालबागला तुम्हाला सगळे ओळखतात ते गिरणीतले आबा म्हणून. १९८२ च्या संपानंतरचे तुमचे दिवसही चाळीने पाहिलेत. पण त्याआधी, मिसरूड फुटायच्या वयात, तुम्ही वेंगुर्ला रॉक्सच्या, म्हणजे वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातल्या खडकांवरच्या, दीपगृहावर पाणी आणि सामान पोचवणाऱ्या होडीवर होतात, हे मला गॅलरीत तुमच्या शेजारी उभं राहून पक्ष्यांबद्दल फोनवर बोलताना कळलं. तुम्ही नुसतं म्हणालात, "त्या खडकार? त्या पाखरांची अंडी मी बघलंय."

त्या खडकांबद्दल छापील जे हाती लागलं ते मी वाचलं होतं. ए. ओ. ह्यूम १८७५ मध्ये तिथे जाऊन आले. हेच ते ह्यूम, दहा वर्षांनी काँग्रेसच्या स्थापनेत पुढे असलेले. पण पक्षीवाल्यांना ते पक्ष्यांसाठीच प्रिय. पावसाच्या तोंडावर ब्रायडल्ड टर्न, म्हणजे आपल्या सुरय पक्ष्याचाच एक भाऊबंद, तिथे घरटी करायला येतो. एरवी हा पक्षी खुल्या समुद्रावर असतो, जमिनीवर येतो तो अंडी घालण्यापुरता. आणि खडकांतल्या गुहांमध्ये पाकोळ्या राहतात, ज्यांची लाळेची घरटी सुपासाठी चोरून विकली जायची. हे सगळं पाठ होतं. होडी कुठल्या अंगाने न्यायची, लाट खडकावर आपटून परत फिरते तिथे किती लांब राहायचं, हे मात्र कुठेच छापलेलं नव्हतं. ते तुम्ही एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर काढून दिलंत. दिव्याचा खडक, गुहेचं तोंड आणि एका कोपऱ्यात मोठी फुली: इथे जायचं नाही. मग तिथे होडी चालवणाऱ्या तुमच्या भाच्याला फोन लावलात आणि मला दम दिलात, "खडकार पाय ठेवलंस तर माका फोन करू नको."

खरं सांगू, मला तेव्हा ही अट जाचकच वाटली. इतक्या लांब जायचं आणि होडीतून बघून परत यायचं? पण तुम्ही कारणही सांगितलंत. माणूस चढला की पाखरं एकदम उठतात. टर्नचं अंडं एकच. आई उठली की ते उन्हात उघडं पडतं, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या तरी चोचीत जातं. तुमच्या होडीवरच्या पोरांनी हे होताना पाहिलं होतं.

तिथे पोचल्यावर आमच्यातल्या एका मोठ्या लेन्सवाल्याने भाच्यापुढे नोटा धरल्या. "पाच मिनिटं उतरतो फक्त." भाच्याने नोटांकडे बघितलंसुद्धा नाही. "आणि आबांका मी काय सांगू?" एवढंच म्हणाला आणि इंजिन मंद केलं. लेन्सवाले गृहस्थ परत येईपर्यंत फुगून होते. असो.

इंजिन मंद झाल्यावर जे दिसलं ते उतरून दिसलं नसतं, याची मला खात्री आहे. पाण्यावर एक जुना बांबू तरंगत होता आणि त्यावर एक टर्न बसला होता, होडीपासून दोन वल्ह्यांवर. पाठ शेवाळी-तपकिरी, डोक्यावर काळी टोपी, आणि कपाळावरची पांढरी पट्टी डोळ्याच्या मागेपर्यंत ओढलेली. बांबू लाटेबरोबर कलंडला की तो पंख जरासे उघडून तोल सावरायचा, पण उडायचा नाही. खडकाच्या कपारीतून आणखी चोची डोकावत होत्या. गुहेच्या तोंडाशी आलो तेव्हा आतून टिकटिक ऐकू आली. पाकोळ्या अंधारात वाट काढायला असा आवाज करतात, वटवाघळांसारखा, पण आपल्या कानालाही ऐकू येईल असा. तुम्ही तो जिभेने काढून दाखवला होतात. हुबेहूब होता हो.

आणि जुलैतलं आपल्या गच्चीवरचं पाखरू! वादळी वाऱ्याने समुद्रावरचे पक्षी दरवर्षी मुंबईत येऊन पडतात. खालची मुलं त्याला गिरगाव चौपाटीवर नेऊन सोडणार होती, "समुद्राचा आहे ना" म्हणून. तुम्ही काठी टेकत जिना चढून आलात, त्यांना थांबवलंत. दमलेला पक्षी लाटेत परत ढकलला तर बुडून मरतो, हे तुमच्या तोंडून ऐकल्यावर कुणी वाद घातला नाही. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, चोचीत बळेच पाणी न ओतता त्याला ठेवलं आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन केला. हे वाचणाऱ्यांनीही तेवढा नंबर लिहून ठेवा.

भाच्याने तुमच्यासाठी सोलं दिली होती, ती अजून माझ्याच फडताळात आहेत. रविवारी घेऊन येते. गुहेतली टिकटिक फोनवर घेतली आहे, तीही ऐकवते. च्या मात्र मी करणार.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची पाखरंवाली