नमुन्यांचा निकाल परत आणून देणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

दगडी, म्हणजे कासेचा दाह, तपासण्यासाठी दुधाचे नमुने न्यायला माणसं येतच असतात. बाटल्या भरतात, गाईच्या कानातला बिल्ला बघून नंबर टिपतात, सही घेतात आणि जातात. पुढे त्या दुधाचं काय झालं, ते गोठ्यात कुणाला कळत नाही. फार तर एखाद्या मेळाव्यात पडद्यावर आलेख झळकतो. त्यात गाई कुणाच्या आहेत, हे ना बोलणाऱ्याला ठाऊक, ना ऐकणाऱ्याला. तुम्ही निकाल परत आणून दिलात, म्हणून हे जाहीर आभार.

आणि दिलात तो कसा! प्रत्येक गाईचा वेगळा कागद. त्यावर चार चौकोन, गाईच्या मागे उभं राहिलं की सड दिसतात त्याच क्रमाने. दोष असलेल्या सडाचा चौकोन काळा केलेला. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर दोरी ओवलेली, कारण गोठ्यात ओल असते आणि कागद खुंटीलाच टांगला जाणार. दोरी ओवण्यासाठी कुठल्याच प्रकल्प अहवालात रकाना नसतो. तरी ती ओवली गेली.

सुप्त, म्हणजे वरून न दिसणाऱ्या, दगडीत असा कागद लागतोच. कास मऊ असते, दुधात गाठी नसतात, गाय वैरण नीट खाते. फक्त दूध जरा कमी भरतं. मिलीलीटरमागे सोमॅटिक पेशी (गाईच्या शरीरातून दुधात येणाऱ्या, मुख्यतः पांढऱ्या पेशी) २ लाखांवर गेल्या, की त्या सडात संसर्ग असल्याचं धरून चालायचं. पण चारही सडांचं दूध एकाच बादलीत पडलं, की तीन चांगल्या सडांच्या दुधात चौथ्याचा दोष झाकला जातो.

कुठल्या सडात दोष आहे ते दाखवणारी चार खणांच्या वाटीतली चाचणी १९५७ पासून जगाला माहीत आहे. ती गोठ्यापर्यंत यायला कुणी अडवलं होतं, हे सल्ल्याची पत्रकं छापणाऱ्यांनाच ठाऊक. पहिल्या धारा टाकून द्यायच्या, प्रत्येक सडाचं साधारण २ मिली दूध खणात घ्यायचं, तेवढंच द्रावण घालून वाटी गोल फिरवायची आणि १०-१५ सेकंदांत बघायचं. एवढी कृती कुणीही सांगेल. तुम्ही कारण सांगितलंत. द्रावण म्हणजे मुळात डिटर्जंट. ते पेशी फोडतं, आतला डीएनए मोकळा होतो आणि दूध लिबलिबीत होतं. हे कळल्यावर चाचणी कुठे फसते तेही उमगतं. उशिरा बघितलं तर हलका चिकटपणा विरून जातो. नुकत्याच व्यालेल्या किंवा आटत आलेल्या गाईच्या दुधात पेशी एरवीही जास्त असतात, मग चांगला सडही दोषी दिसतो.

सड बुडवण्याच्या औषधाचंही तेच. बाटली विकणारा ती सर्व रोगांवरचा उतारा म्हणून विकतो. तुम्ही स्पष्ट सांगितलंत, की हे नवा संसर्ग अडवतं, जुना बरा करत नाही. धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा-पाऊण तास तरी पुरतं मिटत नाही, म्हणून बुडवायचं ते लगेच, आणि नुसतं टोक नाही, सबंध सड. फवारलं तर पलीकडची बाजू कोरडी राहते. ग्लिसरीन घातलेलं अर्धा टक्का आयोडीन चालतं. स्वतःच्या मनाने तीव्र केलं तर सडाला भेगा पडतात आणि जंतूंना आयती जागा होते. सड बुडवायच्या कपात शेण पडलं की आयोडीनचा जोर तिथेच संपतो, म्हणून उरलेलं परत बाटलीत ओतायचं नाही. बुडवून झाल्यावर गव्हाणीत ताजी वैरण टाकायची, म्हणजे गाय उभी राहते, लगेच शेणात बसत नाही. दोषी गाईची धार शेवटी. कास भरमसाट पाण्याने धुतली तर वरची घाण ओघळून सडाच्या टोकाशी येते. मळलेले सड तेवढे धुवायचे आणि प्रत्येक गाईला वेगळ्या फडक्याने कोरडे पुसायचे. हात लागल्यापासून मिनिट-दीड मिनिटात गाय पान्हावते, तेव्हा धार सुरू झालेली हवी.

गाय आटवताना, म्हणजे विण्याआधी तिची धार बंद करताना, सडात औषधाची ट्यूब भरण्याचा क्रम तर फारसं कुणी सांगतच नाही. सडांची टोकं स्पिरिटच्या बोळ्याने पुसताना आधी पलीकडचे दोन, मग अलीकडचे. ट्यूब भरताना उलट: आधी अलीकडचे, मग पलीकडचे. नाहीतर पुसून स्वच्छ केलेल्या सडाला आपलाच हात घासतो. नळीचं टोक जेमतेम ३ मिलीमीटर आत. पूर्ण खुपसलं तर सडाच्या वाटेचं आतलं अस्तर दुखावतं.

आटवताना सगळ्या गाईंच्या चारही सडांत प्रतिजैविक भरा, हा १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये रुळलेला सल्ला. आता तपासून, गरज असेल तिथेच भरा म्हणतात, कारण जंतू औषधाला दाद देईनासे होतात. सल्ला बदलला की आधीचं आपण कधी बोललोच नव्हतो असा चेहरा करणारे पुष्कळ. तुम्ही मात्र “पूर्वी आम्हीच असं सांगत होतो” असं म्हणून मग बदलाचं कारण दिलंत. ऐकणारा शहाणा आहे असं धरून बोलण्याची ही रीत मोठमोठ्या पदव्या मिळवूनही अनेकांना साधत नाही, आणि ज्यांना साधते त्यांची भाषणं सहसा लहान असतात.

तुमच्याबरोबरच्या विद्यार्थ्यांनाही आभार कळवा. एका गाईचा नमुना झाला की हातमोजे बदलूनच ती मुलं दुसरीकडे वळत होती, आणि गोठ्यात शिरताना व निघताना गमबूट ब्रशने घासून जंतुनाशकात बुडवत होती. धुवायचे होते म्हणजे तळवेसुद्धा, खाचांमधलं शेण निघेपर्यंत.

आपले,
दूध उत्पादक