पैलवान, तुझंच बरोबर होतं

सांगली, रविवार, रात्रीचे साडेअकरा

पैलवान,

दिवाळीत तुझा मेसेज आला, उत्तर दिलं नाही. पाडव्याला परत आला, तरी नाही. रागावला असशील. आईचा गुडघा तसाच, माझं बीपी गोळीवर, बाकी ठीक. पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता धरणारा, नुसता नंबर नसतो हे तुझं म्हणणं खरं निघालं. फोन केला असता पण फोनवर तू मधेच बोलायला लागतोस आणि मला हे सलग सांगायचंय, कारण इथं ज्याला सांगावं तो म्हणतो, मशीन बंद पडलं ना, मग चालू कर की.

तासगावच्या मामांच्या द्राक्षबागेत आपला डबा बसवलाय, पाऊस, ऊन, हवा मोजून मोबाईलवर दाखवणारा. छाटणीला चाळीस दिवस झालेले, बाग फुलोऱ्यात, आणि मागच्या आठवड्यात तीन दिवस पाऊस. फुलोऱ्यात पाऊस म्हणजे दावण्या, तो बुरशीचा रोग, पान किती तास ओलं राहिलं त्यावर फवारणी ठरते. मामा त्या संध्याकाळी मिरजेला लग्नात होते, मोबाईलवर बघितलं तर कोरडं, म्हणून निवांत मुक्काम केला. सकाळी बागेत गेले आणि तिथनंच फोन, "अरे हितं रात्रभर पडलाय आणि तुझं मशीन कोरडं सांगतंय."

मी गाडी काढून गेलो. डबा दर काही सेकंदाला रिसेट होत होता. उन्हाचं, हवेचं पॅकेट व्यवस्थित जायचं, पावसाचं पॅकेट आलं की मेला, वॉचडॉग, म्हणजे अडकलेली चिप परत चालू करणारा टायमर, उठवायचा, परत पाऊस, परत मेला. आणि सर्व्हर बिचारा शेवटचं मिळालेलं रीडिंग दाखवत बसलेला. पावसासाठी बसवलेलं यंत्र पाऊस आला की मरतंय, पैलवान. टेबलावर महिनाभर चाललं कारण टेबलावर पाऊस पडत नाही.

हार्डफॉल्ट झाला, म्हणजे चिपला पुढं जाताच येईना, की कोअर आपल्या आतले आठ आकडे, म्हणजे रजिस्टर, मेमरीतल्या स्टॅकवर टाकतो, त्यातलं सातवं पीसी, म्हणजे प्रोग्रॅम कुठं होता त्याचा पत्ता, ते वाचलं आणि थेट माझ्या ओळीवर जाऊन पोचलो. बाकी सगळ्या पॅकेटचं हेडर, आकड्याआधीचा भाग, ४ बाइटचं, पावसाच्या पॅकेटचं ३. बफर, म्हणजे पॅकेट ठेवायची जागा, ४ ने भाग जाणाऱ्या पत्त्यावर, त्यात ३ मिळवले की हेक्समधे २००००१०७, आणि तो पत्ता मी सरळ ३२ बिटच्या पॉइंटरमधे कास्ट करून, म्हणजे इथं ३२ बिटचा आकडाच आहे असं जबरीनं ठरवून, वाचलेला. जुन्या डब्यात कॉर्टेक्स एम४ हा प्रोसेसर होता, तो असल्या वाकड्या पत्त्यावरनं पण आकडा मुकाट उचलून देतो, दोन वर्षं दिला. औंदा किंमत कमी करायला एम० प्लस घातला. तो उचलतच नाही. त्याला चार बाइटचा आकडा चारच्या पटीतल्या पत्त्यावरच लागतो, नाहीतर सरळ फॉल्ट. आणि मजा बघ, पीसी शोधताना मी स्टॅकचा नुसता पत्ता घेऊन त्याचा ३२ बिटचा पॉइंटरच केला होता, तीच कसरत. तिथं चाललं कारण तिथं खरोखर ३२ बिटचे आकडे ओळीनं आहेत आणि जागा नीट आहे ह्याची हमी हार्डवेअर देतं. इथं हमी कुणी दिली होती? मी. न बघता.

आता तुला आठवलं असेल. टर्बो सी कंपायलर, लॅबमधला शेवटचा कॉम्प्युटर, स्क्रीनची मेमरी असलेल्या बी८०० सेगमेंटला फार पॉइंटर, म्हणजे सेगमेंट आणि ऑफसेट असा दोन भागांचा पत्ता, लावून आपण काकूंचं नाव सगळ्या स्क्रीनवर लाल अक्षरात छापलं होतं, एक बाइट अक्षर, एक बाइट रंग. जाड्या एवढा हसला की सर आत आले. त्या दिवसापासनं माझं म्हणणं, पॉइंटर म्हणजे नंबर, बाकी सगळं नाटक. आणि तू भडंगाच्या पुडीवर लिहून दाखवलंस, बी८००:००१० आणि बी८०१:०००० ही मेमरीतली एकच जागा, पण दोन फार पॉइंटर बरोबर आहेत का विचारलं तर टर्बो सी नाही म्हणतो. नंबर वेगळा, जागा एक, मग नंबर म्हणजे पॉइंटर कसा? मी पुडी चुरगाळून टाकली आणि आयर्विन पुलापर्यंत तुझ्याशी बोललो नाही. ती पुडी ठेवायला पाहिजे होती.

परवा मामांनी कर्जाच्या कामाला सातबारा काढलेला, टेबलावर पडलेला, तो बघता बघता डोक्यात बसलं. गट नंबर नुसतं सांगतो जमीन कुठं आहे. कुणाची, किती, पीक काय, हे सातबाऱ्यावर. मी गट नंबर घेतला आणि सातबारा मनानं लिहिला. रस्ट भाषेच्या १.८४ मधे, जानेवारी २०२५ ला, पत्ता वेगळा आणि त्या पत्त्याला हात लावायचा हक्क वेगळा अशी फंक्शनं पक्की झाली म्हणून तू लांबलचक मेसेज टाकलेलास, मी फक्त अंगठा पाठवला. तो आत्ता पूर्ण वाचला. हक्क म्हणजे आपला फेरफारच की रे.

दुरुस्ती एका ओळीची. कास्ट काढला, मेमकॉपी, म्हणजे बाइट उचलून दुसरीकडं ठेवणारं फंक्शन, घातली. मेमकॉपी स्लो म्हणून तुझ्याशी भांडलो होतो ना, असेंब्ली काढून बघितली, ऑप्टिमायझेशन चालू असलं की एम४ वर एकच लोड होतो, एम० प्लसवर कंपायलर बाइट बाइट उचलतो. कास्ट-अलाइनची वॉर्निंग लावली असती तर कंपाइल करतानाच ओरडला असता, पण ती डब्ल्यू-ऑल ह्या नेहमीच्या वॉर्निंगच्या गटात येत नाही आणि मी वेगळी लावली नव्हती.

पण झोप त्यानं लागेना झालीय असं नाही. असले ४१ कास्ट निघाले कोडमधे. ३५ ठीक आहेत, सहांचं मला खात्रीनं सांगता येत नाही. त्यातले दोन तर फॉल्ट देणारे पण नाहीत, एकाच जागेकडे दोन वेगळ्या टाइपनं बघतायत, ओ२ ही ऑप्टिमायझेशनची पातळी लावल्यावर कंपायलर कुठली ओळ आधी नेईल आणि गुपचूप शिळा आकडा देईल कळणार नाही. मेलेला डबा तरी दिसतो. खोटं सांगणारा कसा दिसणार? असे २२ डबे बागांत आहेत. मामांच्या अकरा ओळींवर दावण्या आलाय, ते एका शब्दानं बोलले नाहीत, उलट जेवून जा म्हणाले, आणि मला घास गिळेना. उद्या सकाळपासनं बाकी एकवीस जणांना एकेक करून फोन करणार आहे, चूक माझी होती आणि नवीन फर्मवेअर येईपर्यंत मोबाईलवर भरवसा ठेवू नका, पानं हातानं बघा.

तुझा फ्लॅट ताब्यात मिळाला का? छोकरी पहिलीत गेली ना? वहिनींना नमस्कार.

शनिवारी येशील का रे. त्या सहा जागा प्रिंट काढून लाल पेननं खुणा करून ठेवल्यात. स्टँडवर घ्यायला येतो, भडंग माझ्याकडनं.

तुझाच