दुपारची गोळी आणि मेंदूतले एक प्रथिन

तीर्थरूप आई आणि बाबांना,
सादर साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमचे पत्र काल मिळाले. पहिल्या ओळीतले टपोरे अक्षर चौथ्या ओळीपर्यंत मोहरीएवढे झाले होते, तरीही मी शब्द न् शब्द वाचला. कंपवाताच्या (पार्किन्सनच्या) रुग्णांना मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग अधिक होतो असे कळल्यावर तुम्ही दुपारची गोळी बंद केलीत, हे वाचून जीव खाली-वर झाला.

तुम्ही ऐकलेत ते खरे आहे, पण दोष गोळीचा नाही. तुमच्या गोळीतल्या लेव्होडोपापासून शरीर डोपामीन हे मेंदूतले संदेशवाहक रसायन बनवते आणि त्वचेचे रंगद्रव्य तयार होतानाही याच डोपाचा टप्पा लागतो, म्हणून पूर्वी या औषधावर संशय घेतला गेला. मात्र कंपवाताचे निदान होण्यापूर्वी, म्हणजे गोळी सुरू होण्याच्याही आधी, हा धोका वाढलेला दिसतो; शिवाय ज्यांना आधी मेलॅनोमा झाला, त्यांच्यातही पुढे कंपवाताचे प्रमाण अधिक आढळते. (फुप्फुसासारखे इतर बरेच कर्करोग कंपवाताच्या रुग्णांत उलट कमी दिसतात, हेही त्या सांगणाऱ्याने सांगायला हवे होते.)

दोन्ही आजारांत सापडणारा दुवा म्हणजे अल्फा-सिन्यूक्लिन हे १४० अमिनो आम्लांचे छोटेसे प्रथिन. याचा जेवणातल्या प्रथिनांशी संबंध नाही, तेव्हा डाळ-दूध सोडू नका. १९९७ मध्ये एका इटालियन कुटुंबात त्याच्या जनुकातला दोष सापडला आणि त्याच वर्षी, कंपवाताच्या रुग्णांच्या चेतापेशींत दिसणाऱ्या ल्यूई गुठळ्या मुख्यतः याच प्रथिनाच्या असतात हे स्पष्ट झाले. चेतातंतूंच्या टोकांशी ते संदेशवहनाला मदत करत असावे, असा तेव्हा अंदाज होता. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड येथील संशोधकांनी दाखवले, की पेशीच्या केंद्रकात डीएनए तुटतो तिथे हे प्रथिन गोळा होते आणि दुरुस्तीला हातभार लावते. ते बाहेर गुठळ्यांत अडकून पडले, की केंद्रकात त्याचा तुटवडा होतो, तुटलेले धागे तसेच राहतात आणि चेतापेशी मरते, असा त्यांचा तर्क आहे. मेलॅनोमाच्या पेशींत मात्र तेच प्रथिन मुबलक असते. तिथे दुरुस्ती इतकी चोख होते, की जी पेशी मरायला हवी तीच वाढत राहते, असे ते मानतात. रंगपेशी गर्भावस्थेत मज्जासंस्थेच्या कडेनेच निघून त्वचेत पोहोचतात, त्यामुळे हे नाते मला मुळीच परके वाटत नाही. म्हणूनच हे प्रथिन सरसकट नष्ट करणाऱ्या उपचारांची मला धास्ती वाटते. गुठळी विरघळावी, पण केंद्रकातला दुरुस्तीचा साठा शाबूत राहावा, असे औषध हवे आहे.

तेव्हा बाबा, दुपारची गोळी आजपासून पुन्हा ठरल्या वेळी घ्या आणि ती मध्ये बंद केली होती हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.

आई, आपल्या वर्णाच्या लोकांत मेलॅनोमा दुर्मिळ असतो, परंतु झालाच तर पुष्कळदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. तू रोज रात्री काशाच्या वाटीने बाबांचे तळपाय चोळतेस, तेव्हा आधी चष्मा लावून दिव्याखाली एकदा नीट पाहत जा. पसरत जाणारा काळा डाग किंवा नखातली नवी काळी रेघ दिसली, तर त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि फोटो काढून मलाही पाठव.

तुमची,
धाकटी